बेड ते बेसिन

बेडपासून बेसिनपर्यंत एकोणीस पावलं.
शेजारी सलाईनचा स्टँड ढकलत दस्तगीरमामा,
त्याचं एक चाक कुरकुरतं.
"दमानं ताई, कुणी मागं लागलं न्हाई."

खरंच कुणी नाही.
पन्हाळ्याचा रस्ता अंधारात चढायचे मी
वाघबिळाच्या वळणावर श्वास मोजत,
चार आत, चार बाहेर.
आता दोनच आत,
तिसऱ्याला टाके नको म्हणतात.
खोकताना पोटाशी उशी धरायची.
हसतानाही.

घड्याळ ऑपरेशनआधी काढून घेतलं.
ते पांडबाच्या मनगटावर आहे.
भाऊ माझा, जन्मात कधी पळाला नाही,
रिक्षा लावून सावलीत पेपर वाचणारा.
सहा दिवस तोच पळतोय:
रक्तपेढी, मेडिकल,
लिफ्ट बंद म्हणून जिना,
परत चिठ्ठी, परत मेडिकल.

रात्री मनगट माझ्यापुढं धरतो.
"थरथरलं बघ. काय म्हणतंय?"
वाचून दाखवते:
अभिनंदन, विजयमाला.
आजची वीस हजार पावलं पूर्ण.

तो काहीच बोलत नाही.
स्टुलावर बसून चप्पल काढतो,
टाचेचा फोड चाचपतो.

"फोडलास तरी वरची चामडी काढू नको,"
मी सांगते,
"उद्या परत पळायचंय."