मिस्त्री – सोळाशे

आडगोंडा नवी रिक्षा घेऊन आला
ते मला कळलंच नाही.
वीस वर्षं मी गिऱ्हाईक कानानं ओळखतो.
वानलेसवाडीच्या वळणावर असतानाच सांगतो
कुणाचा प्लग काळा पडलाय,
कुणाच्या सायलेन्सरला भोक आहे.
ही मांजरासारखी आली
आणि दारात उभी राहून
मी मागं वळायची वाट बघत बसली.

"पेढा घ्या, मिस्त्री."
घेतला.

सवयीनं वाकलो, तर वाकून बघायला काही नव्हतं.
कार्ब्युरेटर नाही, क्लचची केबल नाही,
ऑइलचा डाग पडायला ऑइल नाही.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पत्र्याला टेकवलं,
मूठ कानाला लावली.
आत कुणीतरी
पाठ करून झोपलं होतं.

"हिशोब बघा की ओ," म्हणत त्यानं डायरी काढली,
औषधाच्या दुकानातून दिवाळीला मिळालेली.
सांगली-मिरज, मिरज-सांगली,
दिवसाला एकशे दहा किलोमीटर.
पेट्रोल लागायचं चारशे साठाचं,
वीज लागते सत्तरची.
सुटले तीनशे नव्वद.
सव्वीस दिवसांचे दहा हजार एकशे चाळीस.
त्यातून पतसंस्थेचा हप्ता आठ हजार नऊशे,
उरले बाराशे चाळीस.

"बाराशेसाठी एवढा खटाटोप?"
तो घुटमळला. अंगठा पानावरून काढावा की नको,
असं त्याचं चाललं होतं.
मग काढला.
खाली वेगळ्या शाईत लिहिलेलं:
मिस्त्री – सोळाशे.
त्यावर आडवी रेघ, पट्टी लावून मारलेली.
एकूण शिल्लक दोन हजार आठशे चाळीस.

म्हणजे त्याच्या नफ्यातला निम्म्याहून जास्त
मीच होतो.

राग आला नाही असं म्हणणार नाही.
आला, पण धरायला कुठं कड सापडेना.
पैसे त्याचे, रेघ त्याची,
बेरीजही बरोबर.
उलट मीच म्हणालो,
"महिन्याचे दोन दिवस तू इथं बाकड्यावर काढायचास,
चहा पीत, माझ्यावर खेकसत.
त्या बुडालेल्या फेऱ्या धर की त्यात."
त्यानं धरल्या. आकडा आणखी फुगला.

"आता बॅटरी मांड.
ती काय जन्माला पुरणार आहे?
पाच वर्षांनी लाखभर मागेल."
त्यानं पेनाचं टोपण चावलं.
"तोवर हप्ते फिटतील."
"हप्ते फिटतील तोवर बॅटरी फिटेल."
दोघंही हसलो.
पेढ्याचा कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

जुनी त्याची रिक्षा माझ्याच मागच्या बाजूला उभी आहे.
गिऱ्हाईक येतं, हूड चाचपतं, निघून जातं.
भंगारवाला परवा किलोचा भाव सांगून गेला.
इंजिन मी दोनदा बांधलंय तिचं,
पिस्टनची रिंग कोल्हापुराहून एसटीनं मागवली होती.
किलोत ते कुठं बसवायचं
मला माहीत नाही.

जाताना तो म्हणाला, "ब्रेक तेवढा बघा, जरा ढिला वाटतोय."
माझे कान टवकारले.
ब्रेक आहे अजून. थांबावं तर तिलाही लागतं.
दहा मिनिटांचं काम, साठ रुपये.
त्यानं शंभराची नोट दिली आणि सुट्ट्यासाठी
दोन मिनिटं थांबला,
पूर्वी थांबायचा नाही.

संध्याकाळी शटर ओढून घराकडं निघालो.
स्कूटर रिझर्व्हला लागलेली.
रोजचं अंतर, लिटरचा भाव, विजेचं युनिट,
सेकंडहँड बॅटरीवाली कितीला पडेल...
मिशन हॉस्पिटलपर्यंत दोनदा मांडून बघितलं.
दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, जे आडगोंडाला आलं होतं.

पंपावर भूपालअण्णांची नवी पोरगी होती,
ओढणी नाकाला बांधलेली.
शंभरचं टाक म्हणालो.
तिनं पाइप उचलला, मशिनकडं बोट केलं,
"मामा, झिरो बघा."

बघितलं.