सुयांचा डबा

गाणं आधी येतं, वळणावरून, मग कचरागाडी,
मग मागच्या पायरीवर उभी अनोखीबाई,
हातमोजे कोपरापर्यंत.
लोकमान्यनगरात सव्वासात म्हणजे सव्वासात.
ओला इकडे, सुका तिकडे, प्लास्टिक, डायपर, तुटके चार्जर,
आणि कडेला एक लहानसा कप्पा,
त्यात माझ्या सुया.
आइस्क्रीमच्या डब्यात भरून देते दर सोमवारी,
झाकणावर अजून केशर-पिस्त्याचं चित्र.
आठवड्याच्या अठ्ठावीस. सहा वर्षं.

घरात एक लाल वही आहे, उधारीची असते तशी.
तारीख, उपाशी, जेवल्यावर, रात्री.
आकडा बरा आला की यांचा आवाज मऊ होतो.
वाईट आला की विचारतात, काय खाल्लं?
मी म्हणते, काही नाही.
ते खरं असतं,
त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

डॉक्टर भांडारे तीन महिने एका आकड्यात बघतात.
त्या सरासरीत दिवाळी होती,
आणि कितीतरी दुपारी,
ज्यांत मी पलंगाच्या काठावर
एक मोजा पायात, दुसरा हातात
अशी बसून राहिले, चहाची वेळ होईपर्यंत.
त्यांनी तळपायाला कंप पावणारा चिमटा लावला.
जाणवतं का?
जाणवतं.
इथे?
जाणवतं.
त्यांनी पायाबद्दल विचारलं होतं.
मी पायाबद्दलच सांगितलं.

मन लागत नाही, मी फोनवर म्हटलं.
पुण्याची जाऊ हसली,
अगं, तुमचं इंदुरी मराठी! रमत नाही म्हण.
पण रमण्याचं कुठे बोलत होते मी?
लागत नाही.
जसा गॅसचा लाइटर लागत नाही ओल्या हाताने,
टक टक टक,
आणि वास मात्र येत राहतो.

मार्गशीर्षात थांबले.
ठरवून नाही. एका रात्री फ्रिजमधून पेन काढलं नाही, एवढंच.
दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं
एकशे अठ्ठावीस, एकशे चौसष्ट.
मध्ये एखादा दोनशे दहा टाकला,
खोटं फार गोड होऊ नये म्हणून.
हे मान हलवत राहिले, शाब्बास.
रात्री पाच-पाचदा उठायचे.
हे कुशीवर वळून म्हणायचे, थंडी आहे.

मग त्या सोमवारी
ओला-सुका देऊन मी फाटकाकडे वळले तर मागून,
"काकी, सुईवाला डिब्बा?"
भरला नाही अजून, म्हटलं.
"दो सोमवार हो गए. सुई नहीं आई."
आणि मग, चेहरा उजळून,
"डॉक्टर ने बंद कर दी? ठीक हो गईं आप?"

इतक्या आनंदाने विचारलं तिने
की मला हो म्हणता आलं नाही.
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि शब्दाच्या आधी भलतंच काही बाहेर आलं,
रस्त्यात, शेजारच्या खरेंच्या देखत, हातात रिकामी बादली.
अनोखीबाईने एक हातमोजा काढला.
मला हात लावला नाही. परत घातला.
गाडी चार घरं पुढे गेली होती, गाणं वाजवत.
ती तरी उभी राहिली.
मग पळाली.

आत येऊन बोट टोचलं.
मीटरवर आकडा आला नाही.
हाय, एवढंच आलं,
म्हणजे फार वर, म्हणजे मोजता येत नाही.
सहा वर्षांत पहिल्यांदा
ते यंत्र माझ्या भाषेत बोललं.
खोटे आकडे मी खोडले नाहीत.
खाली तेच लिहिलं, हाय,
आणि यांना हाक मारली.
हे आले, चष्मा चाचपडत,
सवयीने म्हणाले, काय खा…
आणि पुढचं गिळलं.

पुढच्या-पुढच्या सोमवारी डबा दिला.
अकरा सुया. दवाखान्यातल्या धरल्या नाहीत.
मोजा अजून कधी कधी हातातच राहतो.
अनोखीबाईने डबा कानाशी नेला,
हलवून बघितला.
वाजला.