तळातली ओळ

थंडीत माझ्या प्रेसवर नाटकांची पोस्टरं निघतात,
लाल-पिवळी, मंडईच्या गावागावांत चिकटणारी,
नायिकेचं नाव नायकाहून दोन बोटं मोठं.
यंदा मंडई आटोपली न आटोपली
तोच ग्रामपंचायत लागली.

तहसीलमध्ये आम्हा छापखानेवाल्यांना बोलावलं.
चहा दिला, कागद दिला:
पत्रकाच्या तळाशी मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव,
प्रती किती.
तीन दिवसांत एक नमुना इथे जमा.
पॅनलचं पत्रक असेल तर खर्चाचे
जितकी नावं तितके वाटे.
सही केली. बाहेर येऊन खर्रा घोटला.

रात्री साडेनऊला भाऊरावजी डोंगरवार आले.
पॅनल त्यांचं, स्वतः मात्र उभे नाहीत.
खिशात नऊ फोटो, रबर लावलेले.
कपबशी, शिट्टी, रोडरोलर, नारळ,
आणि वरच्या कोपऱ्यात घोडेस्वार गुरुजी,
'जाहीर पाठिंबा व आशिर्वाद'.
विचारलं का गुरुजींना?
"गुरुजी आपलेच हायेत."
मग खुर्ची पुढे ओढून, हळूच:
"तीन हजार काढ. खाली तीनशे टाक.
एका शून्याची शाई वाचते तुही."
मी हसलो.
हसण्याचा खर्च कुणाच्याच खात्यात पडत नाही.
तीनशे टाकले.

गुरुजी आले दुसऱ्या दिवशी, चष्मा पुसत.
"पाठिंबा दिलाच आहे मी,
तर म्हटलं वाचून तरी घ्यावा."
पत्रक उजेडाकडे धरलं,
लाल पेनानं आशिर्वादातला शि दीर्घ केला,
घडी घालून खिशात ठेवलं,
आणि गेले.

तिसऱ्या दिवशी बेबीनंदा कुंभरे.
वॉर्ड तीन, चिन्ह शिट्टी.
सायकलच्या कॅरिअरला खर्चाची वही, सुतळीनं बांधलेली.
अनामत शंभर. फोटो साठ.
चहा चाळीस, त्यातले दहा खोडलेले,
कारण चहावाल्यानं आपल्या वाट्याचे परत केले.
पुढे 'पत्रक', आणि पुढे कोरं.

"भाऊरावजी म्हणते तीस लिव.
तीस कसे होतेत जी?
एका गठ्ठ्यात पाचशे. सहा गठ्ठे मीच वायले
याच सायकलीवर, तिन्ही वार्डात.
रोवण्यात पऱ्ह्याच्या जुड्या मोजतो मी,
कोन्त्या बांधीत किती लागल्या ते न पायता सांगतो.
हे मोजता नाही येत का मले?"

नव्वद पैशाला एक, असे तीन हजार,
भागिले नऊ.
मी कॅल्क्युलेटर शोधत होतो,
तिनं ओठांतल्या ओठांत भागून ठेवलं होतं.
तीनशे.
माझ्या तळातल्या ओळीतही तीनशेच.
तिचे रुपये होते, आणि खरे होते.

ती लिहीत बसली. अक्षर मोठं, रेघेच्या खाली उतरणारं.
मला साहेबांचं टेबल दिसू लागलं:
नऊ वह्या, आठांत तीस, एकीत तीनशे,
आणि शेजारी माझा नमुना, माझ्या सहीनिशी.
तो अजून गल्ल्यातच होता.

जुन्या टायपाचा खण ओढला. गंजून अडकलेला, दोनदा ओढला.
शिशाचं एक शून्य, काठावर झिजलेलं.
शाई लावून नमुन्यावर दाबलं,
तीनशेच्या पुढे.
जरा वर बसलं, ओळीत नाही,
तिकिटावरच्या शिक्क्यासारखं.
पण दिसतं.
भाऊरावजींना फोन करावा म्हटलं. केला नाही.

जाता जाता ती उंबऱ्यात थांबली.
"सायकल घरची हाये. तिचं भाडं काय लिवू?"
तहसीलचा कागद मी उलटसुलट पाहिला.
जीप होती, ऑटो होता, ट्रॅक्टर होता, भोंगा होता.
सायकल नव्हती.
"काहीच नको लिहू," मी म्हणालो.
"काहीच कसं जी? दोनदा पंक्चर झाली नं."
आणि माझाच पेन घेऊन,
सीटवर वही ठेवून लिहिलं:
पंक्चर, वीस.