येऊरचा चढ, दुसऱ्यात

वागळे इस्टेटच्या गल्लीत, पत्र्याखाली,
तुंगेकरांनी क्लचप्लेट काढून ठेवली
परवाच्या पेपरावर.
काळी. कडेला निळसर.
वास जळलेल्या नखांचा.
"बघून घ्या कर्णिकसाहेब, सोळा हजार किलोमीटर फक्त.
ही एवढ्यात मरत नाही. हिला मारावं लागतं."

मग इंजिनाखालचं रबर दाखवलं, फाटलेलं,
आणि बॉनेटवर बोटाच्या पेरानं वाजवून
ऐकवलं, चढावर चौथ्यात ओढली
की आतून कसे ठोके येतात ते.
"गाडी आधी सांगते हो.
लोक काच वर करतात."

हे म्हणाले, चौथ्यात पेट्रोल वाचतं.
एकोणीस वर्षांचं गणित,
खिशातल्या डायरीत लिटरसकट लिहिलेलं.
तुंगेकरांनी चिंधीला हात पुसले,
बिल पुढे केलं. नऊ हजार चारशे.
"हेही लिहा त्यात."

मी काही बोलले नाही.
पण मला ठाऊक होतं. डोक्याला नाही,
तळपायांना.
डाव्या सीटवर, माजिवड्याच्या पुलावर,
पारसिकच्या वळणाला,
चपलेतून वर चढणारी थरथर.
कप्प्यातली टोलची नाणी वाजायला लागायची,
आणि मी ती
रुमालात बांधून ठेवायची.

चोपन्नाव्या वर्षी नौपाड्याच्या क्लासात नाव घातलं.
एकवीस दिवस. शिकवणारी पोरगी म्हणायची,
काकू, काटा बघू नका, कान द्या.

आज उपवन मागे टाकलं.
चढ लागला तसं इंजिन जड झालं,
घास अडकल्यासारखं.
यांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला,
दांड्यापर्यंत आला,
माझ्या बोटांना लागला,
परत गेला.

क्लच. पार तळापर्यंत. दुसरा.
आवाज मोठा झाला, पण मोकळा,
आणि गाडी वर निघाली
आपल्या पायांनी.

"पेट्रोल जास्त जाईल."
"जाईल."

कप्प्यात पाच-सहा नाणी सुटी पडली होती.
एकही वाजलं नाही.

चौकीपाशी यांनी डायरी काढली,
पेन सापडेना, माझ्या पर्समधलं घेतलं.
काय लिहिलं ते पाहिलं नाही.
पुढे अजून एक वळण होतं.