पावणेपाचची चाळण

कासारवडवलीच्या नर्सरीतून तीन आणली.
एक हावर्थिया, एक एचेवेरिया,
तिसऱ्याचं नाव यमुनाताई भोईरांनाही ठाऊक नव्हतं.
"गुबगुबीत आहे, सत्तर द्या," म्हणाल्या.
वाटीएवढ्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या,
आत ठासून भरलेलं कोकोपीट,
पिळलं तर भांडी घासायच्या स्पंजासारखं गळेल असं.
"घरी नेऊन बदला हं.
ही प्रवासाची माती. राहायची नाही."

राहायची माती कुठली
हे खरं तर मला विचारावं कुणी.
वागळे इस्टेटमध्ये एकोणीस वर्षं मी मातीच तपासते.
घोडबंदरचे टॉवर उभे राहायच्या आधी
त्यांच्या पोटाखालची जमीन
पिशवीत भरून, नंबर लावून, माझ्या टेबलावर येते.
साच्यात घालायची. तीन थर.
दर थराला पंचवीस ठोके.
मातीतली हवा ठोकून ठोकून बाहेर काढायची,
पगार त्याचा मिळतो.

आणि आज रविवारी, गॅलरीत, पेपर अंथरून
मी हवा परत आत घालतेय.

लॅबमधली जुनी चाळण, पावणेपाचची,
कडा वाकली म्हणून बाद झालेली, साहेबांना विचारून आणली.
तिच्यातून विटांचा चुरा, जाड रेती.
लाल माती एक मूठ, त्याहून नको.
जे चाळणीत अडलं ते घेतलं,
खाली पडलेली पिठासारखी भुकटी टाकून दिली.
ऑफिसात तिचाच टक्का काढून लिहावा लागतो.
निंबोळी पेंडीचा वास चहात उतरला.

मग मुळं.
कोकोपीट सोडवत गेले तर
आत जाळीची एक टोपी, चहाच्या पुडीसारखी,
कुणीतरी कुठेतरी शेकड्यानं रोपं लावताना चढवलेली.
मुळं तिच्या आतच गोल फिरत राहिलेली.
नखं कापायच्या कात्रीनं कापली ती.
एक मूळ तुटलं.
"सॉरी," मी म्हटलं. मोठ्यानं.

तेवढ्यात बाबा. हातात मग.

बाबा महापालिकेत व्हॉल्व्हमन होते.
पहाटे चारला ती लांब चावी खांद्यावर टाकून निघायचे.
कुठल्या गल्लीला किती आटे दिले
की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतं
हे वहीत नव्हतं, मनगटात होतं.
अजूनही त्यांना कोरडं काही बघवत नाही.
गेल्या वर्षीचं जेड त्यांच्याच मायेनं गेलं,
बुंध्यातून, पिकल्या केळ्यासारखं.
घरात त्यावर कुणी बोललं नाही.

"पाणी?"
"आठवडाभर नाही."
"आठवडा?"
जणू मी अख्ख्या लोकमान्यनगरचा पुरवठा तोडलाय.
"तुटलेलं मूळ आधी सुकू दे, बाबा.
ओलं राहिलं तर सडतं."
ते गप्प.
मगातलं पाणी तुळशीला घातलं.
तिला सकाळीच मिळालं होतं.

सोमवार गेला. मंगळवार.
बुधवारी मी आले तेव्हा नखांत कोलशेतची माती,
खाडीकाठची, काळी, चिकण,
भार ठेवला की वर्षानुवर्षं खचत राहणारी.
बाबा गॅलरीत स्टुलावर.
तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत कुंडीत,
डोळे मिटलेले,
जसे पूर्वी रस्त्यात वाकून
लोखंडी झाकणाला कान लावायचे.
मी चप्पल न काढता दारातच उभी.

"दाब आहे अजून," म्हणाले.
बोट लेंग्याला पुसलं.
"उद्या नको. परवा बघू."

रात्री कपडे काढायला गेले तेव्हा दिसलं.
नाव नसलेल्या त्या तिसऱ्याच्या कुंडीवर,
नव्या भाजक्या मातीवर, खडूनं:
बंद.
खाली तारीख
आणि त्यांची सही, ड्युटीवरची,
शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब ओढलेली.