मानस

फॉर्मवर छापलं होतं : मानसोपचार.
मी म्हटलं, तो तर मी एकतीस वर्षं करतोय.
बाकावरचे लोक खाली मान घालून बसून राहिले.
चोडणचा असता एखादा, तर हसला असता.
आमच्या खाजनात, बांधाच्या पोटात
पाण्याला आतबाहेर सोडणारं लाकडी दार असतं
त्याला मानस म्हणतात.
भरतीला ते आपसूक मिटतं,
ओहोटीला आपसूक उघडतं.
माणसाने नुसतं लक्ष ठेवायचं.

नाव? शाणू तारी.
अशा जागी आलेल्याचं नाव शाणू,
तरी ती हसली नाही.
झेलिया रेबेलो, मडगावची, माझ्या थोरलीच्या वयाची.
टेबलावर पाण्याची बाटली, कागदी रुमालांचा डबा
आणि तिच्याकडे तोंड केलेलं घड्याळ.
गोळ्या खालच्या मजल्यावर मिळतात, म्हणाली,
हांगा फक्त उलोवप.
आणि मला एक शब्द सुचेना.
पहिल्या मंगळवारी आम्ही दोघांनी मिळून पंखा ऐकला.

दुसऱ्या मंगळवारी मी उधाणाची रात्र सांगितली.
मी झोपलो होतो.
ताप नव्हता, दारू नव्हती,
झोपलो होतो, माणूस झोपतो तसा.
कुर्ल्यांनी पोखरलेला बांध पहाटे तीनला फुटला,
अठरा घरांचं कोरगूट खारं झालं.
कोणी बोट दाखवलं नाही.
दाखवलं असतं तर भांडता आलं असतं.

तेव्हापासून बॅटरी घेऊन रात्रीतून चौदा वेळा.
दार बघायचं, हात लावायचा, परत यायचं.
उंबऱ्यावर पाय टेकला की वाटायचं,
हात नीट लावला होता का?
शेवंती सेल मोजायची. महिन्याला बावीस.
मग तिने घाडीकडे नेलं, नारळ फोडला.
नारळ चांगला निघाला. मी तसाच.

झेलियाला मानस ठाऊक नव्हती.
फॉर्मच्या मागे काढून दाखवली,
हा बांध, ही नदी, हे शेत, ही फळ्यांची जोडी.
तिने बराच वेळ बघितलं. मग विचारलं,
ती आपली आपण मिटते,
तर चौदाव्यांदा तुम्ही काय मिटायला जाता?

दोन मंगळवार मी गेलो नाही.

तिसऱ्या मंगळवारी फेरीबोटीवर रघुवीर भेटला.
दर आठवड्याला पणजी? काय रे?
शुगर, मी म्हटलं.
कोणाला नाही, म्हणाला,
आणि रायबंदर येईपर्यंत आपले पाय दाखवत राहिला.

तुमची चूक नव्हती, असं ती कधी म्हणाली नाही.
मी त्या वाक्याची वाट बघायचो,
शेवटची पाच मिनिटं तर फक्त त्याचीच.
त्याऐवजी म्हणाली, आज तेरा.
चौदाव्या वेळी उंबऱ्यावर बसायचं आणि वहीत लिहायचं.
लिहिलं :
छाती. घाम. पाणी आलं. पाणी आलं नाही.
पास्कूचा कुत्रा. शेवंतीने कूस बदलली.
पाणी आलं. पाणी आलं नाही.
पावणेचार. भूक.

एकदा विचारलं,
त्या रात्री दुसराच कोणी राखणदार झोपला असता तर?
मी म्हटलं, त्याला उठवून म्हटलं असतं,
चल, आधी माती घालू.
ती गप्प.
मीही.
घड्याळ तिच्याकडे होतं, किती वाजले कळलं नाही.

पावसाळ्यात नऊवर आलो, चतुर्थीला परत बारा,
मग चार.
चारवर बरेच दिवस अडकलोय.
ती म्हणते अडकू दे.

काल अमावास्या, सहा वेळा गेलो.
सहाव्यांदा शेवंती मागोमाग आली,
अर्ध्या बांधावर बॅटरी मिचमिचून विझली.
नवे सेल? मी विचारलं.
आणले नाहीत, म्हणाली.
अंधारात पाणी फळ्यांना घासत होतं,
कुठेतरी एक शेवटा उडाला आणि पडला.
दार मिटलंय की उघडं, दिसत नव्हतं.
थोडा वेळ उभे राहिलो.
मग तिने माझा हात धरला, तोच, दाराला लावायचा,
आणि आम्ही घरी आलो.