दूध उतू चाललंय

बाणेरला एक जागा आहे, मी जिना पुसलाय तिथला.
काचेचं दार, पुदिना घातलेलं पाणी,
बागेत बाकावर बसून रडायची सोय.
महिन्याचे साठ हजार. जेवण धरून.

आमच्या वस्तीजवळ एक केंद्र आहे, फुकट.
वीस खाटा. वीसही पुरुषांच्या.
"बाई पिते?" कारकुनानं विचारलं
आणि पेन खाली ठेवून
मागच्या रांगेकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून.
सगळ्यांनी ऐकलं होतं.

मग इंदू सोनटक्के भेटली, वैदूवाडीच्या सिग्नलला,
भंगाराच्या ढकलगाडीवर कोपर टेकून.
म्हणाली, तुझ्या तोंडाला बडीशेपेचा वास येतो गं.
मीपण किलोकिलोनं खायची.
माझा तडकलेल्या काचेचा फोन घेतला,
त्यात काहीतरी बसवलं.
म्हणाली, ह्यात आम्ही अकराजणी आहोत.
आता बारा.

लिहायचं नाही, बोलून पाठवायचं.
फिलोमिना घोरपडीवरनं बोलते, मागं रेल्वेचा भोंगा.
हिरा मोरीत बसून, नळ सोडून.
कुणाचं तोंड कुणी बघितलेलं नाही,
खोकला मात्र ओळखते मी बाराहीजणींचा.

फोन घरात एकच.
संध्याकाळी पोराच्या क्लासला, मग नवऱ्याच्या क्रिकेटला.
म्हणून घसा ओढायला लागला की इतकंच म्हणायचं:
दूध उतू चाललंय.
जी जागी असेल ती म्हणते:
गॅस बारीक कर.
तिथंच उभी राहा. मी आहे.

आधी सगळं इंग्रजीत होतं,
एक ते दहा आकडे, पिवळी तोंडं, हसरं ते रडकं.
बनवणारा पोरगा आला होता, कौस्तुभ का कोण,
इंदूच्या पत्र्याखाली घामाघूम.
विचारत होता, तल्लफ कितव्या आकड्यावर असते?
इंदू म्हणाली, बाळा, आकडा राहू दे.
एक मोठं बटण कर, अंधारात अंगठ्याला सापडेल असं.
दाबलं की माणूस बोललं पाहिजे.
आणि नेट नसताना चाललं पाहिजे.
आमचं रिचार्ज वीस तारखेला संपतं,
दारू संपत नाही वीस तारखेला.
त्यानं सगळं लिहून घेतलं.
बटण आलं.
दुसरं अजून यायचंय.

एकशे बारा दिवस झाले होते.
मग पुतणीची हळद, मागची खोली, स्टीलचा पेला.

सकाळी फोननं विचारलं, काल घेतली का?
खोटं बोलता आलं असतं, यंत्राला वास येत नाही.
"हो" दाबलं.
पडद्यावर आलं: दिवस पहिला.

दुपारी इंदूचा आवाज, मागं कुत्री भुंकतायत:
एकशे बारा गेले कुठं म्हणून काय रडतेस?
शेजारणीला दिलेस का उसने?
तुझ्याकडंच आहेत. डबे उघडून बघ.

परवा पोरानं ऐकलं.
म्हणाला, आई, सारखं दूध दूध काय करतेस,
आपल्याकडं असतं का कधी दूध?
खरंय. आम्ही कोराच पितो.
मी म्हटलं, असतं रे. तुला दिसत नाही.
तो काही बोलला नाही.
रात्री बघते तर फोन चार्जिंगला लावलेला,
वायर ओढून, माझ्या उशापर्यंत.

आणि काल, दोन चाळीसला, नवा आवाज,
पोरगीच असावी, दात वाजत होते:
ताई, हे… इथं बोलायचं का?
दूध…
पुढं काहीच नाही, नुसता पंख्याचा आवाज.

इंदू झोपलेली. फिलोमिना रात्रपाळीला.
मी थांबले. कुणीतरी बोलेल.
कुणी बोललं नाही.

तडकलेल्या काचेवर अंगठा ठेवला,
माझाच आवाज मला जाड वाटला:
गॅस बारीक कर.
नाव नको सांगूस एवढ्यात.
कुठं उभी आहेस, तेवढं सांग.